तीर्थजल, अतिसार आणि प्रमाणांचा विवेक

ज्या पाण्याने माणूस शुद्ध होतो अशी श्रद्धा आहे, तेच पाणी यात्रेकरूला आजारी पाडत असेल, तर शास्त्रवचन आणि अनुभव यांपैकी काय प्रमाण मानावे, हा प्रश्न तीर्थयात्रेतील अतिसाराच्या निमित्ताने उभा राहतो. पूर्वमीमांसेने कर्माच्या फळाचे दोन प्रकार मानले आहेत: लौकिक अनुभवाला येणारे ते दृष्ट आणि केवळ शास्त्रावरून कळणारे, पुण्यासारखे, ते अदृष्ट. चंद्रभागा नदीतील स्नानाचे पुण्य दुसऱ्या प्रकारात मोडते, तर तिच्या पाण्याने तहान भागणे किंवा पोट बिघडणे पहिल्या प्रकारात. अग्नी थंड आहे असे शंभर श्रुतिवचनांनी सांगितले तरी ते प्रमाण ठरत नाही, असे शंकराचार्य गीताभाष्यात म्हणतात. कारण प्रत्यक्षादी प्रमाणांना जे कळू शकते, तो श्रुतीचा विषयच नव्हे.

प्रवाशांच्या अतिसाराचे कारण अशाच दृष्ट क्षेत्रातले आहे. विष्ठेने दूषित झालेल्या अन्नपाण्यातून मुख्यतः ई. कोलाय जिवाणूंचे विषारी प्रकार पोटात जातात आणि त्यांच्या विषामुळे आतड्यातून पाणी व क्षार बाहेर पडू लागतात. मात्र साखरेच्या सोबतीने मीठ शोषून घेण्याची आतड्याची शक्ती शाबूत राहते. जलसंजीवनी, म्हणजे साखर-मिठाचे पाणी, याच शक्तीवर आधारलेली असून, 1971 मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांवर तिचा व्यापक वापर करून तिचे सामर्थ्य सिद्ध केले. शौचातून रक्त पडत असेल किंवा तीव्र ताप असेल, तर मात्र वैद्यकीय उपचार आवश्यक ठरतात.

पाणी उकळून पिणे, गरम अन्न खाणे आणि साबणाने हात धुणे या उपायांनी श्रद्धेला बाध येत नाही, कारण तहानेसाठी पाणी पिणे हे विधीचे अंग नाही. खरा पेच आचमनाचा आणि तीर्थप्राशनाचा आहे, कारण तेथे दूषित पाणी विधीचाच भाग म्हणून तोंडात जाते. स्वतःपुरता धोका पत्करण्याची मुभा भाविकाला आहे असे मानले, तरी त्याचा आजार त्याच्यापुरता राहत नाही. त्याच्या विष्ठेतून तो सहयात्रेकरूंच्या अन्नपाण्यात पोहोचतो. म्हणून ज्या धर्मविचारात अहिंसा हा सर्वांसाठीचा सामान्य धर्म मानला आहे, तेथे तीर्थ उकळलेल्या पाण्याचे घेणे आणि नदीकाठी शौचास न बसणे, ही आरोग्यखात्याची सूचना असण्याआधी यात्रेकरूचे धर्मकर्तव्य ठरते.