ठिपका आणि सोबत

वेलंकणीला किंवा जुन्या गोव्याला आपली माणसे गटाने निघाली, की हल्ली सामानाबरोबर आणखी एक तयारी होते. प्रत्येकजण मोबाईलवरून आपले 'लोकेशन' इतरांना पाठवतो. गर्दीत कोणी मागे राहिले, तर नकाशावरचा ठिपका पाहून त्याला गाठता येते. घरी राहिलेली आईही तो ठिपका पाहून निश्चिंत झोपते. सोय चांगलीच आहे. पण आपले माणूस कुठे आहे हे समजणे म्हणजे त्याची काळजी घेणे काय?

ही सोय चालते कशी, ते आधी पाहू या. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून नुसते संकेत पाठवत असतात. आपला मोबाईल ते संकेत पकडतो आणि स्वतःची जागा मोजून काढतो. आपण कुठे आहोत हे त्या उपग्रहांना ठाऊकही नसते! घरच्यांपर्यंत ती जागा पोहोचते ती इंटरनेटवरून, आपण पाठवली तर. म्हणजेच ठिकाण सांगणे हे विश्वासाने दिलेले देणे आहे. देणे प्रेमाने मागावे, धाकाने वसूल करू नये.

व्हॉट्सॲपवर ही सोय २०१७ साली आली, तेव्हा तिला १५ मिनिटे, १ तास किंवा ८ तास अशी मुदत ठेवण्यात आली. मुदत संपली की ठिपका आपोआप बंद! गूगल मॅप्समध्ये मात्र आपण स्वतः बंद करेपर्यंत ठिकाण दाखवत राहण्याचाही पर्याय आहे. पहिल्या प्रकारात एक शहाणपण आहे. प्रवासापुरती सोबत आणि कायमची पाळत यांत फरक आहे.

समजा, मुलगी मैत्रिणींबरोबर महाबळेश्वरला गेली आहे. घरून फोन येतो, "तासभर एकाच जागी काय करतेस?" दुपारी पुन्हा, "बाजारात कशाला गेलीस?" अशा वेळी मुलगी काय शिकेल? मोबाईल खोलीत ठेवून बाहेर पडायला! ठिपका जागेवर आणि माणूस भलतीकडे. संशयाने मागितलेली माहिती माणसाला खोटेपणा शिकवते.

दुसऱ्या बाजूचाही विचार करू. "माझ्यावर विश्वास नाही का?" असे म्हणून तरुणांनी घरच्यांची काळजी उडवून लावणे बरे नव्हे. रात्रीचा घाट असेल, अनोळखी गाव असेल, तर आपणहून ठिकाण कळवावे. त्यात कमीपणा नाही. मात्र सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर अनेक ठिकाणी रेंज नसते. तेथे मोबाईलला स्वतःची जागा कळली, तरी ती घरी पोहोचत नाही. घरी दिसतो तो शेवटचा ठिपका. अशा वेळी उपयोगी पडतो तो मागे वळून पाहणारा सोबती.

लूकच्या शुभवर्तमानातील बारा वर्षांचा येशू आठवा. तो आपल्या सोबतच्या लोकांत असेल असे धरून मरिया व योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले. मग शोधत परतले. तीन दिवसांनी तो मंदिरात सापडला, पण त्याने दिलेले उत्तर त्यांना समजले नाही. ठिकाण कळले, तरी मुलगा कळायचा राहिलाच होता. मरियेने मात्र त्या गोष्टी अंतःकरणात जपून ठेवल्या. पालकांनो, आपण काय जपतो?

पुढच्या सहलीला निघण्यापूर्वी आपण दोन गोष्टी ठरवू या. ठिपका किती वेळ चालू ठेवायचा, हे त्या माणसाला विचारून ठरवू. आणि तो परत आला, की "कुठे कुठे होतास?" याऐवजी "कसा होतास?" असे विचारू.