लज्जेचें मोल

गेल्या आषाढांत पेणहून रोह्यास जातांना गाडींत माझे एक जुने स्नेही भेटले. पेण येथें तीस वर्षें शिक्षकाचें काम करून ते निवृत्त झाले आहेत. कासू मागें पडेपर्यंत आमच्या गोष्टी पावसावर आणि पेणच्या कारखान्यांतून रंगाची वाट पाहत बसलेल्या गणेशमूर्तींवर चालल्या होत्या. नागोठणें आलें तेव्हां मीं सहज विचारलें, "मास्तर, रोह्यास काय काम काढलेंत?" ते क्षणभर घुटमळले आणि म्हणाले, "औषध आणावयाचें आहे." पेणांत औषधांच्या दुकानांचा तुटवडा नाहीं. माझ्या चेहऱ्यावरील आश्चर्य पाहून त्यांनीं आवाज उतरविला आणि सगळें सांगितलें. औषध पुरुषाच्या शक्तिक्षयावरचें होतें. पेणचे निम्मे दुकानदार त्यांचे विद्यार्थी. म्हणून दर महिन्याला ही रोह्याची वारी. "गोळ्या स्वस्त आहेत हो," ते हसून म्हणाले, "महाग पडतो तो अर्धा दिवस."

गंमत ही कीं, याच औषधासाठीं रोह्याकडचे कांहीं गृहस्थ पेणास येतात, असें पेणच्या एका औषधविक्रेत्यानें मला पूर्वीं सांगितलें होतें. एकाच लोहमार्गावर दोन गांवांची लाज अशी समोरासमोरून ये-जा करीत असते.

हा प्रसंग कोणास विनोदाचा वाटेल. परंतु त्यांत एक प्रश्न दडलेला आहे. जी लज्जा आपण सद्गुण म्हणून मुलांना शिकवितों, ती रोग लपवूं लागली म्हणजेही सद्गुणच राहते काय?

आधीं पैशाची गोष्ट पाहूं. सिल्डेनाफिल हें औषध मुळांत हृद्शूलावर उपाय म्हणून तपासलें जात होतें. त्याचा हा दुसरा गुण चाचण्यांत ध्यानांत आला आणि १९९८ सालीं अमेरिकेंत ‘व्हायग्रा’ या नांवानें त्याच्या विक्रीस परवानगी मिळाली. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यानें औषधाच्या कृतीवर मक्तेदारी मान्य केली होती, प्रत्यक्ष औषधद्रव्यावर नव्हे. ही स्थिति २००५ पर्यंत टिकली. त्यामुळें परदेशांत मक्तेदारी चालू असतांच भारतीय कारखान्यांना तेंच द्रव्य निराळ्या नांवांनीं काढतां आलें. आज ज्यांना जेनेरिक म्हणतात अशा या गोळ्या सामान्य निवृत्तिवेतनावर राहणाऱ्यासही परवडतात. म्हणजे कायद्यानें आणि कारखानदारीनें आपलें काम केलें. जी किंमत उतरली नाहीं ती आपण स्वतःच लावलेली आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, ही केवळ चैन होय. उतारवयांत गृहस्थानें विषयांतून मन काढावें, हीच आपली परंपरा. वानप्रस्थाची थोरवी मला मान्य आहे. परंतु त्याग हा स्वेच्छेचा असतो. शरीर थकल्यामुळें जें सुटलें त्याला वैराग्य म्हणणें ही आत्मवंचना होय. परंपरेचेंच म्हणाल, तर आयुर्वेदाच्या आठ अंगांत वाजीकरण हें एक स्वतंत्र अंग गणलेलें आहे. तें गणतांना आपले पूर्वज लाजले नाहींत. शिवाय हा विकार केवळ भोगाचा नव्हे. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, चिंता यांपैकीं कांहींही त्याच्या मुळाशीं असूं शकतें, आणि तो ऐन तारुण्यांतही गांठतो. येथील धमन्या हृदयाच्या धमन्यांहून बारीक असतात. म्हणून रक्तवाहिन्यांचा रोग पुष्कळदां आधीं येथें दिसतो आणि कांहीं वर्षांनीं हृदयांत. जो लाजून गप्प बसतो, तो ही पूर्वसूचनाच दडपून टाकतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लज्जा हें सभ्यतेचें कुंपण आहे. तें मोडलें तर मागें काय उरेल? मीही कुंपण मोडा असें म्हणत नाहीं. परंतु चव्हाटा निराळा आणि वैद्याची खोली निराळी. चव्हाट्यावर जी मर्यादा शोभते, तीच वैद्यापुढें पाळली तर तिचें नांव भय. हें भय आपल्या भाषेनेंही पोसलें आहे. अर्जुनाचें धैर्य खचलें तेव्हां त्या अवस्थेला गीतेनें ‘क्लैब्य’ हाच शब्द लावला. देहाच्या एका व्याधीला आणि मनाच्या भ्याडपणाला एकच नांव मिळालें, कीं रोगी आपोआप अपराधी ठरतो. मधुमेह झाला म्हणून कोणी कोणास भ्याड म्हणत नाहीं.

आणि या मौनाचा लाभ कोणास होतो? जेथें सभ्य माणसें बोलत नाहींत, तेथें भिंती बोलतात. रेल्वेच्या दुतर्फा ‘गुप्तरोगां’वरील हमखास इलाजाच्या जाहिराती कोणीं वाचल्या नाहींत? अशा जाहिरातींना मनाई करणारा कायदा १९५४ सालीं झाला, तरी तो धंदा बुडाला नाहीं. ‘निव्वळ वनस्पतींचीं’ म्हणून विकलेल्या चूर्णांत आणि गोळ्यांत हेंच सिल्डेनाफिल मिसळलेलें अनेक देशांतील औषधनियंत्रकांना आढळलें आहे. म्हणजे डॉक्टर टाळणारा मनुष्य चढ्या भावानें तेंच औषध घेतो. फरक इतकाच कीं, तें किती घेतलें हें त्याला ठाऊक नसतें.

हें मौन मोडण्याचा यत्न महाराष्ट्रांत झाला नाहीं असें नाहीं. र. धों. कर्वे यांनीं १९२७ पासून १९५३ पर्यंत, मृत्यूनें थांबविलें तोंवर, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें आणि वाचकांच्या कामविषयक शंकांस शास्त्राच्या आधारें उत्तरें दिलीं. त्याबद्दल १९३४ सालीं त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्यांची बाजू मांडली. तरीही दंड झालाच. कर्व्यांचीं सर्व मतें पटलींच पाहिजेत असें नाहीं. पण ज्यांनीं त्यांना प्रश्न पाठविले, त्यांना विचारावयास दुसरी जागा नव्हती, हें विसरतां येत नाहीं.

आतां माझ्या स्नेह्यांची उरलेली गोष्ट. रोह्यास उतरतांना त्यांनीं खिसा चांचपला. "छातींत कळ आली तर जिभेखालीं ठेवावयाची गोळी," ते म्हणाले, "ती मात्र विसरून चालत नाहीं." मी जागच्या जागीं थबकलों. ती गोळी नायट्रेट वर्गाची होती. ती आणि सिल्डेनाफिल एकत्र झालीं तर रक्तदाब एकाएकीं घसरून प्राणावर बेतूं शकतें. हृदयाची गोळी देणाऱ्या पेणच्या डॉक्टरांना दुसऱ्या औषधाचा पत्ता नव्हता. डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून जें देऊं नये तें देणाऱ्या रोह्याच्या दुकानदाराला हृद्रोगाचा पत्ता नव्हता. दोन्ही औषधांची गांठ काय ती मास्तरांच्या खिशांत पडत होती.

आम्ही औषध न घेतांच परतीच्या गाडीनें पेणास आलों. दुसऱ्या दिवशीं ते आपल्या डॉक्टरांकडे गेले आणि सर्व बोलले. तें औषध बंद झालें, हृदयाची नव्यानें तपासणी झाली. त्या दिवशीं घरीं येऊन त्यांनीं पत्नीसही प्रथमच खरें सांगितलें. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत, मग म्हणाल्या, "दोन वर्षें मी समजत होतें, माझ्याच हातून कांहीं चुकलें."

मास्तर हें मला सांगत होते तेव्हां त्यांचे डोळे भरून आले होते. स्वतःच्या प्राणावर बेतलें असतें याची खंत त्यांना तितकी नव्हती. आपल्या लाजेचें मोल दोन वर्षें दुसरेंच कोणी भरीत होतें, हें त्यांना त्या दिवशीं कळलें होतें.