बाजारातील नकार

मराठीत बाजाराची अब्रू फारशी शिल्लक नाही. निर्लज्जपणास आपण ‘बाजार मांडणे’ म्हणतो, ऐकीव वार्तेस ‘बाजारगप्पा’ आणि फौजेमागच्या निरुपयोगी गर्दीस ‘बाजारबुणगे’. अशा जागी नीतीचा काही पाठ मिळेल, हे सुशिक्षितांच्या मनातही येत नाही. आम्हांस मात्र सावद्याचा गुरांचा बाजार पाहताना असे वाटले की, खरी संमती कोणती, हा नीतिशास्त्रातील बिकट प्रश्न तेथील दाव्यापाशी अधिक स्वच्छ दिसतो.

रावेर तालुक्यातील हे गाव १७६३ मध्ये निजामाकडून पेशव्यांकडे आले व पुढे सरदार रास्त्यांकडे गेले. येथे निमाडी व वऱ्हाडी जनावरे विक्रीस येतात, अशी नोंद १८८० च्या खानदेश गॅझेटियरात आहे. गुरांच्या बाजाराची रीत ठरलेली: गिऱ्हाईक बैलाचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो, मग रुमालाखाली हातात हात जातो आणि बोटांनी भाव बोलला जातो. बघ्यांस काही कळत नाही. ही गुप्तता आम्हांस रुचत नाही; तिचा पहिला लाभ दलालास. तरी एक गोष्ट निर्विवाद आहे. भाव न पटल्यास धनी हात काढून घेतो, दावे सोडतो आणि बैल घरी नेतो. त्याच्या होकारास किंमत आहे ती एवढ्याचमुळे.

नकाराची सवय भावापुरतीच राहते असेही नाही. १८५२ मध्ये सरकारने जमिनीची मोजणी सुरू केली, तेव्हा तिला विरोध करण्यासाठी याच सावद्यास दहा-पंधरा हजार लोक जमले. पलटण येऊन म्होरके पकडीपर्यंत ते हटले नाहीत. दूर कोरियातही १ एप्रिल १९१९ रोजी आउने गावच्या बाजारात लोकांनी जपानी सत्तेस उघड नकार दिला; त्यांत यू ग्वान-सून ही शाळकरी मुलगी होती.

आता त्याच सावद्याच्या शिवारातील केळीचा व्यवहार पाहावा. व्यापाऱ्याची गाडी बांधावर येते, घड कापले जातात. जाहीर भाव एक आणि हाती पडणारा दुसरा, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. कापलेला घड बैलासारखा परत नेऊन दावणीस बांधता येत नाही. १८७२ चा करार कायदा संमती दूषित करणारी पाच कारणे सांगतो: जबरदस्ती, गैरवाजवी दडपण, कपट, खोटे निवेदन आणि चूक. नासणारा माल त्यांत नाही. कायद्याच्या दृष्टीने हा सौदा राजीखुशीचा. आमच्या मते, ज्यास नाही म्हणण्याची सोय नाही त्याचा होकार राजीखुशीचा म्हणणे ही भाषेचीच फसवणूक आहे.

यावर कोणी म्हणेल, दुष्काळात वैरण संपली की बैलाचा धनी तरी कोठे माघारी जाऊ शकतो? आक्षेप खरा आहे. त्या वर्षी रुमालाखालचा हातही मोकळा नसतो. म्हणूनच गावात वैरणीचा साठा असणे आणि कोयता लागण्यापूर्वी केळीचा भाव कागदावर येणे, या दोन्ही गोष्टी आम्ही केवळ अर्थशास्त्राच्या खाती घालीत नाही.