नकाशाचा नय

जूचंद्रच्या टेकडीवर चंडिकादेवीच्या दर्शनाला आलेला भाविक पायऱ्या चढून वर पोहोचला, आणि देवळाकडे पाठ करून क्षणभर पश्चिमेकडे व दक्षिणेकडे पाहू लागला, म्हणजे नायगावची जी भूमी त्याच्या दृष्टीस पडते तिला जमीन म्हणावे की पाणी, याचा निर्णय त्याला सहसा करता येत नाही. बांधांनी आखलेली मिठागरे, त्यांच्या कडेने माजलेली तिवरांची झाडी, पलीकडे पाणजू बेटाला कवेत घेऊन पसरलेली वसईची खाडी, तिच्यावरून जाणारा पश्चिम रेल्वेचा लोहमार्ग, आणि अलीकडच्या वर्षांत उभे राहिलेले उंच इमारतींचे जथे, हे दृश्य एकच असले तरी सरकारदरबारी त्याची दप्तरे अनेक आहेत. तलाठ्याच्या दप्तरी तो सर्व्हे नंबर आणि हिस्सा असतो. वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे तो खारफुटीचा पट्टा असतो. किनारा नियमनाच्या आराखड्यात त्याला एक वर्ग आणि एक रंग मिळालेला असतो. नियोजनकाराच्या कागदावर त्याच जागी कदाचित रस्ता असतो. आणि ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात निवटी मासे धरणाऱ्या माणसाला यांपैकी एकाही दप्तराची खबर नसते. यांपैकी खरे कोणते, हा प्रश्न वरवर पाहता मुलकी कज्जाचा वाटतो. माझ्या मते तो दर्शनशास्त्राचा आहे.

तो आज नव्याने पुढे येण्यास एक निमित्तही आहे. भूदृश्याचे परिसरविज्ञान आणि संगणकीय नकाशाविद्या यांची सांगड घालणारे पदव्युत्तर शिक्षण आता आपल्याकडे दुर्मीळ राहिलेले नाही. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था 1966 सालापासून आकाशातून घेतलेली चित्रे वाचायला शिकवीत आहे. पुण्यात सिंबायोसिसची भूमाहितीशास्त्राची स्वतंत्र संस्था 2004 साली निघाली. आणि विरार लोकलने रोज ये-जा करणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी ‘जीआयएस’ हा शब्द आता एखाद्या घरगुती उपकरणाच्या नावाइतका सहज येतो. भूदृश्याच्या परिसरविज्ञानाला नाव दिले ते कार्ल ट्रोल या जर्मन भूगोलज्ञाने, 1939 साली. त्याच्या दोन वर्षे आधी तो नंगा पर्वताच्या मोहिमेबरोबर हिमालयात येऊन तेथील वनस्पतींचा नकाशा करून गेला होता, आणि हवाई छायाचित्रांतून अरण्य, शेत व नदी यांचे परस्परसंबंध एका नजरेत दिसतात याचा त्याला मोठा विस्मय वाटला होता. म्हणजे ही विद्या जन्माला आली तीच वरून खाली पाहण्याच्या संस्काराने. पुढे फोरमन आणि गोद्रों यांनी 1986 साली तुकडा, मार्गिका आणि त्यांना वेढणारा आधारपट अशी तिची परिभाषा रूढ केली. तिचा ऊहापोह पाठ्यपुस्तकांत पुष्कळ झालेला असल्याने येथे करीत नाही.

या विद्येचा पहिला धडा प्रमाणाचा असतो. किनाऱ्याचा आराखडा 1:25,000 या प्रमाणावर काढला, तर कागदावरील एक मिलिमीटर म्हणजे भूमीवरील 25 मीटर होतात, आणि मिठागराचा दोन-तीन हात रुंदीचा बांध, ज्याच्यावर त्या साऱ्या मिठागराचे अस्तित्व अवलंबून असते, तो त्या कागदावर असूच शकत नाही. गावपातळीसाठी 1:4,000 चा नकाशा केला तरी तो बांध केसाएवढ्या रेषेच्या पलीकडे जात नाही. उलट, बांधावर उकिडवे बसून जो बांध पाहतो, त्याला तुंगारेश्वराच्या डोंगराचा आणि भरतीच्या या सखल जमिनीचा, म्हणजे खाजणाचा, पाण्याच्या द्वारे असलेला संबंध दिसत नाही. तो मोठ्या आवाक्याच्या नकाशातच दिसतो. येथे एक नकाशा खरा आणि दुसरा खोटा असे म्हणण्याची सोय नाही. प्रमाण बदलले की वस्तूचे धर्मच बदलतात, असे ही विद्या निःसंकोचपणे सांगते.

हे ऐकून ज्याने जैन तर्कग्रंथांची थोडीशी तरी ओळख करून घेतली आहे, त्याला जुना स्नेही भेटल्यासारखे वाटेल. वस्तू अनंत धर्मांची असते; तिच्या एका धर्माला धरून केलेले कथन तो नय; आणि इतर धर्मांचा अपलाप करून ‘एवढेच खरे’ असा हट्ट धरणारे कथन तो दुर्नय. नयाला दोष नाही, कारण त्याच्यावाचून बोलणेच शक्य नाही. दोष आहे तो आपण एका बाजूने पाहत आहोत याचा विसर पडण्याला. नायगावपासून पाऊण-एक योजन अंतरावरचे सोपारा हे बंदर जैन आणि बौद्ध या दोन्ही परंपरांना ठाऊक होते, तेव्हा हा विचार या किनाऱ्याला परका नाही. हत्ती आणि आंधळे यांची सुपरिचित गोष्ट मात्र मी येथे सांगत नाही. त्या गोष्टीत सांगणारा स्वतः डोळस असतो आणि सबंध हत्ती त्याला आधीच दिसलेला असतो. नायगावच्या खाजणाच्या बाबतीत असा डोळस निवेदक कोणीही नाही, आकाशातला उपग्रहही नाही.

उपग्रहाची गोष्ट जरा सविस्तर पाहण्याजोगी आहे, कारण त्याच्या साक्षीवर लोकांचा भरवसा फार. भूमीची चित्रे घेणारे बहुतेक उपग्रह सूर्याच्या वेळेशी बांधलेले असतात. युरोपीय सेंटिनेल-2 घ्या, तो आपल्या डोक्यावर येतो तेव्हा सकाळचे अकरा वाजण्याचा सुमार असतो, आज आला तरी आणि पाच दिवसांनी आला तरी. भरती-ओहोटीचे वेळापत्रक मात्र चंद्राच्या हाती. खाडीकाठची माणसे तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे. आता हे दोन हिशेब शेजारी मांडून पाहावेत. पौर्णिमा किंवा अमावास्येला उपग्रह येतो तेव्हा उधाणाचे पाणी जवळजवळ पूर्ण चढलेले असते. अष्टमीच्या सुमारास येतो तेव्हा भांगाची ओहोटी चालू असते, आणि भांगाचे पाणी मुळात फारसे हटतच नाही. जेव्हा खाडी खऱ्या अर्थाने उघडी पडते, चिखलाचे पट्टे दूरवर मोकळे होतात, ती उधाणाची ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास येते, आणि अकराच्या ठोक्याला हजेरी लावणाऱ्या या साक्षीदाराच्या वाट्याला ती कधीही येत नाही. वर्षानुवर्षे चित्रे जमविली, त्यांची सरासरी काढली, तरी येणार नाही. निवटी धरणारा माणूस जेथे रोज उभा राहतो ती भूमी या चित्रांच्या लेखी केवळ पाणी राहते. यंत्र येथे तिळमात्र खोटे बोलत नाही. त्याने पाहिले ते सर्व खरे पाहिले आहे. नय किती निर्दोष असू शकतो आणि तरीही किती अपुरा, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

दुसरे न्यून पावसाळ्याचे. जैन मुनी आणि बौद्ध भिक्षू चातुर्मासात विहार थांबवून एका ठिकाणी राहतात. प्रकाशावर अवलंबून असलेले हे उपग्रह फिरत राहतात खरे, पण ढगांच्या पडद्यामुळे त्यांचेही पाहणे त्या काळात थांबल्यासारखेच होते. रडारने पाहणारे उपग्रह ढगांतून पाहू शकतात, पण त्यांची चित्रे वाचणे कठीण, म्हणून सामान्य व्यवहारातला नकाशा हा बव्हंशी कार्तिक ते वैशाख एवढ्याच काळाचा असतो. मिठागराचा हंगामही नेमका हाच. त्या सात महिन्यांत जे मीठ पिकविते तेच खाजण पावसाळ्याच्या चार महिन्यांत डोंगरावरून येणारे पाणी पोटात घेते, आणि खाडीची भरती उतरेपर्यंत ते धरून ठेवते. 2018 सालच्या जुलैत वसईच्या मिठागरांत राहणारी शेकडो माणसे पाण्याने वेढली गेली, लोहमार्ग बुडाल्याने गाड्या बंद पडल्या, तेव्हा या भूमीने काही विपरीत केले असे म्हणता येणार नाही. ती आपला दुसरा धर्म पाळीत होती. 1990 मध्ये सिडकोकडे या उपप्रदेशाचे नियोजन सोपविले गेले, 2009 मध्ये महानगरपालिका आली, आणि या सर्व काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखी माणसे हरित वसईसाठी जे बोलत होती, त्याचा तात्त्विक आशय मला तरी हाच दिसतो की, कोरड्या ऋतूतले सत्य बाराही महिन्यांवर लादू नये. त्यांनी तो ख्रिस्ती धर्मगुरूच्या भाषेत मांडला, सृष्टी ही माणसाकडे सोपविलेली ठेव आहे असे म्हटले. भाषा निराळी, रोख तोच.

आता नकाशावरच्या रेषेविषयी. 2009 साली अहमदनगर जिल्ह्यात विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला बाहेर काढून, त्याच्या गळ्यात उपग्रहाशी संधान राखणारा पट्टा बांधून, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला माळशेज घाटात सोडले. ‘आजोबा’ या नावाने तो पुढे चित्रपटातही गेला. काही आठवड्यांत सुमारे 120 किलोमीटर चालून, कसाऱ्याजवळ लोहमार्ग ओलांडून आणि शेवटी वसईची खाडी पार करून तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. त्याचा मार्ग आपण नकाशावर रेषेने दाखवितो. वस्तुतः पट्ट्याने कळविलेले होते ते केवळ ठिपके. मधल्या तासांत तो कोठे होता, कोणाच्या परसातून गेला, हे कोणीच पाहिलेले नव्हते. जूचंद्र हे रांगोळी कलावंतांचे गाव असल्याने तेथील पोरही सांगेल की, ठिपके दिले म्हणून आकृती ठरत नाही, त्याच ठिपक्यांवर दहा निरनिराळ्या रांगोळ्या निघतात. नैयायिकांनी हा प्रकार ओळखला होता. एका ठिकाणी पाहिलेली वस्तू पुढे दुसऱ्या ठिकाणी दिसली तर मधे गती झालीच असली पाहिजे, या अनुमानाला वात्स्यायनाने न्यायभाष्यात सामान्यतोदृष्टाचे उदाहरण म्हणून घेतले आहे, आणि त्याचा दृष्टांत सूर्याचा आहे: सूर्य चालताना दिसत नाही, तरी निरनिराळ्या ठिकाणी दिसतो, म्हणून तो चालतो. अनुमान बिनतोड, आणि चालत होती ती पृथ्वी! मार्गिका आखणाऱ्या विद्यार्थ्याने हा दृष्टांत विसरू नये. बिबट्याच्या ठिपक्यांवरून तुंगारेश्वर आणि राष्ट्रीय उद्यान यांना जोडणारी जी हिरवी पट्टी तो संगणकावर काढतो, ती अनुमिती आहे, प्रत्यक्ष नव्हे. आजोबा 2011 च्या अखेरीस महामार्गावर वाहनाची धडक बसून मेला. नकाशाच्या दृष्टीने तो शेवटचा ठिपका, आणि त्याच्याविषयी मात्र कोणाला अनुमान करावे लागले नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात जैनांना विचारले आहे की, एकाच वस्तूच्या ठिकाणी परस्परविरुद्ध धर्म सांगून जे ज्ञान कोणताच निश्चय देत नाही, त्यावर विश्वासून माणसाने प्रवृत्त तरी कसे व्हावे? तलाठी सात-बाराच्या उताऱ्यावर ‘कथंचित् जमीन, कथंचित् जल’ अशी नोंद करू शकत नाही, आणि केली तर मंडळ अधिकारी ती मंजूर करणार नाही. न्यायालयाला हद्द लागते, मोजणीदाराला दगड लागतो. खेरीज, अनिश्चिततेचा लाभ दुबळ्यालाच मिळतो असा अनुभव नाही. जेथे रेषा नसते तेथे भराव रात्रीतून पडतो. हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. रेषा काढलीच पाहिजे. परंतु चांगली रेषा आपले अज्ञान लपवीत नाही, आणि याचे उदाहरण आपल्या न्यायव्यवस्थेनेच घालून दिलेले आहे. 2005 च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची तोड थांबविण्याचा आदेश दिला, उपग्रहाच्या चित्रांवरून त्यांचे नकाशे करण्यास सांगितले, आणि तेवढ्यावर न थांबता तिवरांच्या भोवती 50 मीटरपर्यंत बांधकामास मनाई केली. झाड जेथे संपते तेथे त्याचे क्षेत्र संपत नाही, मूळ आणि भरती यांची हद्द आपल्याला नेमकी सांगता येत नाही, ही कबुली त्या 50 मीटरांत आहे. आणि ती कबुली निश्चयाच्या आड न येता त्याचाच भाग झाली आहे. भरतीरेषेची व्याख्याही उधाणाचे पाणी जेथवर चढते तेथवर अशी केलेली आहे, सरासरीवर नव्हे. जुन्या जमाबंदीच्या कारकुनालाही हे शहाणपण होते, म्हणून त्याने लागवडीच्या आकड्याशेजारी पोटखराबाचा आकडा निराळा मांडला.

तेव्हा शंकराचार्यांच्या आक्षेपाला उत्तर द्यायचे ते तर्कग्रंथातून देण्याचे कारण नाही, नकाशाच्या कागदावर देता येते. कोणी विद्यार्थी नायगावच्या खाजणावर प्रबंध लिहीत असेल, तर त्याने उत्तर दिशेचा बाण आणि प्रमाणपट्टी यांच्या जोडीला चित्राची तारीख, त्या दिवसाची तिथी, आणि त्या घटकेला पाणी चढत होते की उतरत होते, एवढे तरी लिहावे, आणि ज्या रेषा त्याने पाहिल्या नसून अनुमानिल्या आहेत त्या तुटक काढाव्यात. परीक्षकांपैकी एखाद्याला तिथीचा उल्लेख पंचांगी वाटेल आणि तो भुवया उंचावील. त्याला पाऊणपटीचा हिशेब करून दाखवावा. विकास आराखडा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यालाही हीच टीप नजरेआड करता येऊ नये अशा ठळक अक्षरात छापावी. समासात तेवढी जागा असते.