थर्मामीटर सावलीत, माणूस उन्हात



"ऊन काय जात पाहून पडते का?" एका बागाईतदारानं मला विचारलं. प्रश्न वरवर बिनतोड. सूर्य कोणाच्याच बापाचा नाही, मग भांडायचं कोणाशी?

आधी बागेत चला. मे महिना, नागपूरकडची संत्र्याची बाग. नव्या कलमांवर तुराट्यांचं छप्पर. आळ्यात गवताचं आच्छादन, ओल उडू नये म्हणून. पाणी पहाटे नाहीतर सांजच्याला, कारण भर दुपारचं पाणी वाया जातं. म्हंजे मालकाला उन्हाचं सगळं कळतं. कोवळ्या जिवाला सावली पाहिजे, मुळाला गारवा पाहिजे, वेळ पाहून काम केलं पाहिजे. फक्त हे ज्ञान झाडापाशी सुरू होतं नि झाडापाशीच संपतं. आळं खांदणाऱ्या बाईपर्यंत पोचत नाही. कलम विकत आणलेलं आहे, वाळलं तर पैसे बुडतात. बाई पडली तर दुसरी येते.

माणसाचं अंग घामानं थंड होतं, तेही घाम वाळला तर. कुदळ चालवणारं अंग आतूनही तापतं. अंगातली उष्णता ४० अंशांवर गेली की माणूस बरळतो, कोसळतो, वेळेत गार केलं नाही तर मरतो. बातम्यांत ४५ अंश सांगतात, ते सावलीतलं. हवामान खात्याचा थर्मामीटर पांढऱ्या झरोक्याच्या पेटीत ठेवतात, त्याला थेट ऊन लागू नये म्हणून. सरकारी पाऱ्यालाही सावली आहे!

तर ऊन जात पाहून पडत नाही, खरं आहे. सावली मात्र जमीन पाहून पडते. आणि जमीन कोणाला मिळाली, कोणाला नाही, हे जातीनं ठरवलं.

मालक म्हणतो, "तेच गुत्तं घेतात. स्वखुशीनं राबतात." हेच एका मायला विचारलं. ती म्हणाली, "सावलीत बसलो त रोज कोन देईन, तू?" मला उत्तर देता आलं नाही. पोट हातात धरून दिलेल्या होकाराला स्वखुशी म्हणायचं का? बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये हीच गोष्ट मांडली: उपाशी माणसाला पोटासाठी आपले हक्क सोडावे लागतात. म्हणूनच शेती हा राज्याचा उद्योग असावा, असं ते सांगत होते.

काही मालक चांगले असतात. माठ ठेवतात, दुपारी टेकू देतात. मग तक्रार कशाची? याचीच, की ते त्यांच्या मर्जीवर आहे. मर्जी फिरली की माठ उचलला. २० मार्च १९२७ ला महाडला आपली माणसं चवदार तळ्यावर गेली, ती कोणी ओंजळीत वरून पाणी घालावं म्हणून नव्हे. दयेचं पाणी तहान भागवतं, माणूस उभा करत नाही.

कोरडवाहूवाला लहान शेतकरी स्वतःच उन्हात असतो, कधी तो आपलाच असतो. त्याच्याकडून बसल्या वेळेचा रोज निघणार नाही. तो सरकारनं भरावा. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर सावली नि पिण्याचं पाणी लिहिलं गेलं. म्हंजे तत्त्व मान्य झालं. पण बागाईतदाराच्या बांधाशी ते अडलं.

आणि आपणही आरसा पाहू. आपल्यातले काही शिकले, साहेब झाले, बंगल्यापुढं हिरवळ केली. तिथं दुपारी वाकलेली बाई कोणाची माय आहे? १४ एप्रिलला मंडप टाकतो आपण. खुर्च्या आपल्याला सावलीत, नि मंडपाचे बांबू रोवणारा?

तेव्हा मागणी साधी ठेवू: बारा ते चार काम बंद, रोज पुरा, पाणी नि सावली हक्काची. गावोगाव बांधावर जाऊन बोलू. पण जायचं ते दुपारी दोनला. पंख्याखाली ठराव पुष्कळ झाले.

जय भीम!