पंगत मोठी, बैठक लहान

चैत्र संपत आला की नामपूरच्या मार्केट यार्डाबाहेर उन्हाळ कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागते आणि घराघरांत आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गडबड सुरू होते. लेकी माहेरी येतात. निंबाच्या फांदीला झोके बांधले जातात, गौराई बसते. पितरांसाठी घागर भरायची, तिच्यावर करा, कऱ्यावर आंबा नाहीतर डांगर ठेवायचं. मग पुरणपोळी आणि रस. एरवी पत्त्यांना हात लावला तर डोळे वटारणारे वडीलधारे त्या दिवशी स्वतःच डाव मांडून बसतात. गौराई बोळवताना नदीच्या दोन काठांवरून पोरी एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात आणि त्याचा राग कोणी धरत नाही.

त्याच दिवशी सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, साल संपतं. खानदेश-बागलाणात सालाचा करार आखाजी ते आखाजी चालत आला आहे. धान्य किती, रोकड किती, याची बोली होते आणि पुढचं वर्ष कुणाच्या वाड्यावर जायचं ते ठरतं. म्हणजे आख्खं गाव जेवत, झुलत, खेळत असताना एका माणसाच्या वर्षाचा हिशेब ओसरीवर चाललेला असतो. बोलीत त्याचाही शब्द असतो, नाही असं नाही. पण गरज कुणाला जास्त आहे हे दोघांनाही ठाऊक असतं.

सण सगळ्यांना एकत्र आणतो, असं आपण सहज म्हणतो, आणि ते खरंही आहे. मला प्रश्न पडतो तो त्याच्या पुढचा. इतक्या माणसांतली किती माणसं ठरवायला बसतात?

नामपूर ज्यात येतं त्या मोसम खोऱ्याला असं एकत्र बसून ठरवण्याची परंपरा मोठी आहे. पांझरा, मोसम आणि आरम या तापी खोऱ्यातल्या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धत चालत आली. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाच्या चाऱ्या, आणि चारीखालच्या जमिनीचे फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक. एखाद्यात ऊस, बाकीच्यांत धान्य, आणि पुढच्या वर्षी फेरपालट. अनेकांची जमीन वेगवेगळ्या फडांत विभागलेली असे. त्यामुळे पाऊस कमी पडला आणि एखादा फड कोरडा ठेवायचं ठरलं, तरी एकाच घराचं पुरतं वाटोळं होत नसे. यातलं सगळ्यात शहाणं माणूस म्हणजे जागल्या. पाणी तो द्यायचा, शेताच्या मालकाने स्वतः फोडून घ्यायचं नाही. हातात फावडं, पायाला चिखल. एका वाफ्याचं तोंड मातीच्या ढेकळांनी बुजवायचं आणि पुढच्याचं उघडायचं. फड सगळा भिजेपर्यंत पहिल्याकडे परत फिरायचं नाही, मग पहिला पाटील असो की आणखी कोणी. मजुरी त्याला शेतकऱ्यांकडूनच मिळे, म्हणून तो कुणा एकाचा नोकर नसे. पाटाचा गाळ काढायचा तो सगळ्यांनी मिळून.

आता साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरांतून येणारी मोसम हरणबारीला अडवलेली आहे. धरण भरलं की १,१६६ दशलक्ष घनफूट पाणी. उन्हाळ्यात पिण्यासाठी आवर्तन सुटलं की ताहाराबाद, जायखेडा, नामपूर करत पाणी मालेगावकडे सरकतं आणि कोरड्या वाळूतून ते कुठवर आलं हे बघायला माणसं पुलावर जमतात. पोरं उड्या मारतात. तो एक अघोषित सणच असतो! पण त्याच दिवसांत काठावरच्या मोटारींची वीज तोडण्याची वेळ येते, कारण पिण्याचं पाणी वाटेतच शेतात जाण्याची धास्ती असते. जागल्याच्या जागी वायरमन आला. विहिरी आणि बोअर झाल्यापासून शेजाऱ्याला विचारायची गरजही उरली नाही. ज्याची बोअर खोल, त्याचं डाळिंब हिरवं.

जुनं ते सोनं, असं मात्र मी म्हणणार नाही. फडाच्या बैठकीत जमीनवाले बसत. जागल्या पाणी द्यायचा, पण कुठला फड भिजवायचा हे ठरवताना बिनजमिनीच्या माणसाचा शब्द किती चालत असेल? आणि बायका? पाट सगळ्या गावाच्या शेजारून जायचा. बैठक मात्र मालकांची.

ही गोष्ट फक्त आपल्याकडचीच आहे असंही नाही. कॅनडातल्या मस्कोका तळ्यांच्या काठी उन्हाळ्यापुरती घरं बांधणाऱ्यांनी १८९४ मध्ये संघटना काढली, ती आजही आहे. अशा संघटनांचा उन्हाळा बघण्यासारखा असतो. बोटींच्या शर्यती, सामुदायिक न्याहारी, मुलांच्या पोहण्याच्या स्पर्धा, वार्षिक सभा. आणि त्याच माणसांतले काही जण होडी तळ्याच्या मध्यावर नेऊन काळी-पांढरी तबकडी दोरीने खाली सोडतात. ती किती खोलीवर दिसेनाशी होते त्यावरून पाण्याचा नितळपणा मोजून वहीत लिहून ठेवतात. करमणूक आणि राखण एकाच माणसांच्या हातात राहते, हे मला आवडतं. पण सभासद व्हायचं तर साधारणपणे काठावर घर हवं. त्यांची घरं झाडणारा, बोटी दुरुस्त करणारा, हिवाळ्यात बर्फ उपसणारा बारमाही रहिवासी त्या सभेत असतोच असं नाही.

आपल्या नाशिक जिल्ह्यातही पाण्याच्या काठी संघटना उभी राहिली आहे. ओझरला बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने १९९१ च्या सुमारास वाघाड कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, पाणीवापर संस्था निघाल्या. टेलच्याच शेतकऱ्यांना एकत्र यावंसं वाटलं, यात नवल नाही. पाणी पोचत नसेल तर माणसं आपोआप शेजाऱ्याचं दार ठोठावतात. पुढे २००५ मध्ये सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा राज्यात झाला. त्यातही सभासदत्व जमिनीला बांधलेलं.

त्याच २००५ मध्ये देशाच्या हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि लेकीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क मिळाला. महाराष्ट्राने तो १९९४ मध्येच दिला होता. हे दोन कायदे शेजारी ठेवून बघा. लेक माहेरच्या जमिनीची वाटेकरी, म्हणून पाणीवापर संस्थेतही तिची जागा असायला हवी. प्रत्यक्षात काय होतं, ते घराघरांत माहीत आहे. ती आखाजीला येते, तिला साडी-चोळी होते, भाऊ झोक्याचा दोर स्वतः बांधतो. आणि दोन दिवसांनी, गावात आलीच आहेस तर, म्हणून तिला हक्कसोडपत्रावर सही करायला नेलं जातं. सही नाही केली तर माहेर तुटेल, हे कोणी उघड बोलत नाही. तीही बोलत नाही. सातबाऱ्यावरून तिचं नाव गेलं की पाण्याच्या बैठकीतलं नावही गेलं. जिचा एवढा मान केला, तिला आपण त्याच आठवड्यात पाहुणी करून ठेवतो. हे लबाडीने होतं असं मी म्हणत नाही, पुष्कळदा प्रेमानेच होतं, आणि म्हणूनच त्यावर बोलणं अवघड जातं.

१ मेची ग्रामसभा आखाजीच्या आसपासच येते. तेव्हा लेकी गावात असतात, मुंबई-पुण्याचे मुलगे असतात, सालदाराची नवी बोली झालेली असते. पाण्याचा विषय त्या दिवशी सगळ्यांसमोर ठेवायला काय हरकत आहे? कुठला पाट बुजला, कुठली विहीर गावाला लागेल, पिण्याचं आवर्तन येईल तेव्हा मोटारी बंद ठेवायची जबाबदारी कोण घेणार. जो पाणीपट्टी भरत नाही त्याने यात का बोलावं, असं विचारणारा एखादा निघेलच. विचारू द्या. जेठात टँकर आला की हंडे घेऊन आधी धावतात त्या बायका आणि बिनजमिनीची घरं. तो टँकर कुठल्या आळीत उभा करायचा, एवढं तरी त्यांना विचारून ठरवणार की नाही?