शिकारीच्या वहीतील तीन माणसे



नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. या महिन्यात मला एका इंग्रज सैनिकाच्या वहीतील दोन नोंदी आठवतात.

ज्युलियन ग्रेनफेल हा लॉर्ड डेसबरो यांचा थोरला मुलगा. जन्म १८८८ चा. टॅपलो कोर्ट हा वाडा आणि वडिलांची सरदारकी पुढे त्यालाच मिळायची होती. ऑक्सफर्डला शिकून १९१० साली तो घोडदळात अधिकारी झाला आणि प्रथम भारतात आला. शिकारीचा त्याला भारी नाद. मारलेल्या पक्ष्यांची नोंद तो वहीत ठेवी. ऑक्टोबर १९१४ च्या प्रारंभी तिच्यात १०५ तितरांची नोंद आहे. त्यानंतर लवकरच तो पहिल्या महायुद्धावर गेला.

१६ आणि १७ नोव्हेंबरला तो एकटाच सरपटत शत्रूच्या खंदकापाशी पोहोचला आणि त्याने जर्मन सैनिक टिपले. दुसऱ्या दिवशी तर होऊ घातलेल्या हल्ल्याची खबर त्याने वेळेवर आणली. त्याला डी. एस. ओ. हे मानाचे पदक मिळाले. आणि त्याच वहीत, तितरांच्या खाली, त्याने लिहिले: एके दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन पोमेरेनियन. म्हणजे पोमेरेनिया प्रांतातले जर्मन सैनिक.

हा तरुण शूर होता यात शंका नाही. पण त्याचे शौर्य हा सद्गुण होता का?

संत थॉमस अक्वायनस धैर्याला चार मुख्य सद्गुणांत गणतात. मात्र विवेक आणि न्याय यांना ते वरचे स्थान देतात. न्यायाची साथ सुटली की धैर्य अन्यायाच्या कामी येते. धाडस दरोडेखोराकडेही असते.

कुणी म्हणेल, "फादर, तो सैनिक होता, त्याने सोबत्यांचे प्राण वाचवले." खरे आहे. देशाचे रक्षण करणाऱ्या सैनिकाला ख्रिस्तसभा दोष देत नाही. माझा प्रश्न बंदुकीबद्दल नाही, वहीबद्दल आहे. माणूस मारावा लागणे हे दुःख आहे. त्याला तितरांच्या रांगेत बसवणे हे पाप आहे. तोही देवाच्या प्रतिरूपात घडलेला असतो.

१३ मे १९१५ रोजी ईप्रजवळ तोफगोळ्याचा तुकडा ज्युलियनच्या डोक्यात शिरला. २६ मे रोजी त्याने प्राण सोडला. दोन महिन्यांनी धाकटा भाऊ बिली त्याच परिसरात पडला. तिसरा भाऊ १९२६ साली मोटार अपघातात गेला. १९४५ साली वडील वारले तेव्हा सरदारकीला वारस उरला नव्हता. ही देवाची शिक्षा नव्हे; देव असे हिशेब चुकते करीत नाही. पण लेडी डेसबरोंनी जे सोसले, तेच त्या तिघांच्या घरीही कुणीतरी सोसले असेल. वहीत ते मावले नव्हते.

गेथसेमनी बागेत प्रभू येशूला घाम फुटला, तो व्याकूळ झाला. तरी पेत्राला त्याने तलवार म्यान करायला लावली. भीती वाटूनही शत्रूत माणूस पाहणे, हे ख्रिस्ती धैर्य.

चारचौघांत कुणाची कशी जिरवली हे घरी रंगवून सांगताना आपणही अशीच वही लिहीत असतो. मीही लिहिली आहे.

आज मिस्सामध्ये ज्युलियनसाठी प्रार्थना करू या. आणि त्या तिघांसाठीही. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, देवाला आहेत.

ख्रिस्ताठायी आपला,
धर्मगुरू